हॉलोवेचे मिस्टर पूटर आणि त्यांना जन्म देणारा नट

सोसायटीच्या स्मरणिकेत काय काय असतं हे आपल्याला पाठ आहे. अध्यक्षांचं मनोगत, सचिवांचा अहवाल, आजी-माजी पदाधिकाऱ्यांचे फोटो, दोन-चार पाककृती, मुलांच्या कविता आणि जाहिराती. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रज विनोदी नटाचं काय काम, असं संपादक मंडळातल्या एकांनी मला विचारलं. त्यावर मी म्हटलं, या नटाने धाकट्या भावाबरोबर एक पुस्तक लिहिलं आहे. त्यात शहराच्या कडेला नवीन घरात राहायला आलेला एक कारकून आहे. दिवाणखान्यातली घंटा मोडलेली आहे आणि पुढच्या दाराची घंटा वाजवली की ती मोलकरणीच्या खोलीत वाजते. घरामागून रेल्वे जाते. कुंपणाच्या भिंतीला तडा गेला आहे. ते म्हणाले, "मग लिहाच तुम्ही."

नटाचं नाव जॉर्ज ग्रॉस्मिथ. जन्म ९ डिसेंबर १८४७, लंडन. वडिलांचंही नाव जॉर्जच. वडील दोन व्यवसाय करीत. दिवसा बो स्ट्रीटच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात बसून 'टाइम्स' वृत्तपत्रासाठी खटल्यांचा वृत्तान्त लिहायचा आणि संध्याकाळी गावोगावच्या संस्थांत विनोदी व्याख्यानं द्यायची. वडील दौऱ्यावर गेले की मुलगा कोर्टात त्यांच्या जागी बसायचा. बो स्ट्रीटच्या त्या कोर्टात भुरट्या चोऱ्या, दारूच्या नशेतली भांडणं, घोडागाडीवाल्यांशी झालेल्या हुज्जती असं सगळं चाले. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून अगदी गंभीरपणे सांगणार, मी अमुक वाजता दाराशी आलो, अमुक मला असं म्हणाला, त्यावर मी असं म्हणालो. पुढे ग्रॉस्मिथ बंधूंनी जी खोटी रोजनिशी लिहिली तिची भाषा थेट या जबानीसारखी आहे. माझं स्वतःचं मत असं की, ते पुस्तक लिहायची तालीम या मुलाने कोर्टाच्या बाकावरच केली.

१८७० पासून जॉर्ज रंगमंचावर आला, पण नट म्हणून नव्हे. एकटा माणूस, एक पियानो. स्वतः लिहिलेली गाणी, मधे मधे नकला आणि गप्पा. पु. लं.चे एकपात्री प्रयोग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना कल्पना येईल. फरक इतकाच की जॉर्जच्या प्रयोगात पियानो हे जवळजवळ दुसरं पात्र असे. असले कार्यक्रम तो चर्चच्या सभागृहांतून, वाचनालयांतून करी. त्या काळी बऱ्या घरातली धार्मिक मंडळी नाटकाला जात नसत, पण पियानोवरची करमणूक त्यांना चाले. म्हणजे ग्रॉस्मिथचा पहिला प्रेक्षक हाच उपनगरातला, नीटनेटका, लोक काय म्हणतील याची काळजी करणारा माणूस होता.

१८७७ साली संगीतकार आर्थर सुलिव्हन यांनी त्याला 'द सॉर्सरर' या नव्या संगीतिकेत मुख्य विनोदी भूमिका देऊ केली. जॉर्ज किरकोळ अंगाचा, आवाजही यथातथाच. त्याने स्वतःच शंका काढली की, तुम्हाला तर भरदार माणूस आणि भरदार आवाज हवा असणार. त्यावर नाटककार गिल्बर्ट यांनी सांगितलं की, आम्हाला तेच तर नको आहे. हा किस्सा जॉर्जने आपल्या आठवणींत दिला आहे. पुढची बारा वर्षं गिल्बर्ट-सुलिव्हन जोडीच्या प्रत्येक संगीतिकेत हाच माणूस. 'पिनाफोर'मध्ये समुद्रावर कधी न गेलेला आरमारमंत्री, 'पायरेट्स'मध्ये युद्धशास्त्र सोडून सगळं पाठ असलेला मेजर जनरल, 'आयोलँथी'मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, 'मिकाडो'मध्ये शिंप्याचा एकदम सरकारी जल्लाद झालेला को-को. त्यांपैकी आरमारमंत्र्याची भूमिका खऱ्या मंत्र्यावर बेतलेली आहे हे लंडनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ते मंत्री होते वर्तमानपत्रांच्या धंद्यातून वर आलेले डब्ल्यू. एच. स्मिथ. 'मिकाडो'चे पहिल्याच फेरीत ६७२ प्रयोग झाले. श्वास न घेता भराभर म्हणायची गाणी ही जॉर्जची खासियत. इतक्या वेगात एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे. आजही जगभर या संगीतिका होतात तेव्हा त्या भूमिकांना ग्रॉस्मिथच्या भूमिका म्हणूनच ओळखतात.

थोडक्यात काय, रोज रात्री हा माणूस मोठ्या हुद्द्याचे झगे चढवून हुद्देदारांची टर उडवत असे. ज्याला कुठलाच हुद्दा नाही अशा माणसाबद्दल लिहायची पाळी आली ती १८८८ मध्ये.

धाकटा भाऊ वीडन हा मुळात चित्रकार. स्लेड आणि रॉयल अकादमीत शिकलेला, प्रदर्शनांत चित्रं लागलेला. पण व्यक्तिचित्रांवर पोट भरेना म्हणून तोही नाटकात आला, आणि तिथे गोंधळलेल्या, बावळट, पण आब राखू पाहणाऱ्या माणसांच्या भूमिकांत त्याने चांगलं नाव काढलं. दोघांनी मिळून 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक सदर सुरू केलं. आपल्याकडे मुंबईत १८५४ पासून 'पारसी पंच' निघत होतं, ते याच 'पंच'चं अनुकरण. सदराचं नाव 'द डायरी ऑफ अ नोबडी', म्हणजे कोणीही नसलेल्या माणसाची रोजनिशी. मे १८८८ ते मे १८८९ असं ते अधूनमधून येत राहिलं. याच काळात जॉर्ज रात्री सॅव्हॉय थिएटरात विदूषक जॅक पॉइंटची भूमिका करत होता. १८९२ मध्ये आणखी प्रकरणं आणि वीडनची चित्रं घालून ब्रिस्टलच्या ॲरोस्मिथ यांनी पुस्तक काढलं.

आता या 'कोणीही नसलेल्या' गृहस्थांची ओळख करून देतो. चार्ल्स पूटर. लंडनच्या सिटी भागात, म्हणजे तिथल्या फोर्टमध्ये म्हणू या, पर्कप नावाच्या शेटजींच्या पेढीवर कारकून. पत्नी कॅरी. एकुलता एक मुलगा. पत्ता: द लॉरेल्स, ब्रिकफील्ड टेरेस, हॉलोवे. तळघर सोडून सहा खोल्या. पुढच्या दाराला दहा पायऱ्या, पण ते दार साखळी लावून बंदच ठेवलेलं. मित्रमंडळींनी बाजूच्या छोट्या दाराने यायचं, म्हणजे मोलकरणीला कामातून उठून वर यावं लागत नाही. दार आहे, पायऱ्या आहेत, दिसायला रुबाबदार आहेत, पण वापरायच्या नाहीत. आपल्याकडे शोकेसमधला टी-सेट असतो तसं. मागच्या बाजूला बाग आणि बागेला लागून रेल्वे. आवाजाची आधी भीती वाटली, पण घरमालक म्हणाले की सवय होईल, आणि भाड्यात दोन पौंड कमी केले. बागेच्या भिंतीला तडा गेला ते सोडलं तर काही त्रास नाही, असं पूटर नमूद करतात.

ब्रिकफील्ड टेरेस हे नाव बनावट आहे, पण ते उगाच ठेवलेलं नाही. ब्रिकफील्ड म्हणजे विटा पाडायचं शेत. उत्तर लंडनचं उपनगर असंच उभं राहिलं. इझलिंग्टन-हॉलोवे हा पट्टा एके काळी गाईंचे गोठे आणि कुरणं असलेला, लंडनला दूध पुरवणारा. जमिनीखाली चिकणमाती. तीच उकरायची, तिथेच विटा भाजायच्या आणि त्याच खड्ड्यांवर एकसारख्या घरांची रांग उभी करायची. १८२९ मध्ये लंडनात घोड्यांची बस सुरू झाली, १८६३ मध्ये भुयारी रेल्वे, १८७० पासून ट्राम. १८०१ साली लंडनची वस्ती सुमारे दहा लाख होती, शतक संपता संपता नुसत्या लंडन काउंटीतच पंचेचाळीस लाख झाली. साम्राज्याचा व्यापार, विमा, जहाजवाहतूक, बँका, सगळ्यांना हिशेब लिहिणारे हात हवे होते. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या आणखी वाढली. हा जो नवा कारकून वर्ग तयार झाला तो मजुरापेक्षा वर आणि व्यापाऱ्यापेक्षा खाली. कधीकधी मिळकत चांगल्या कारागिराइतकीच, पण कॉलर पांढरी ठेवावी लागे, घरात एक तरी मोलकरीण लागे. खर्च वरच्या पायरीचा आणि पगार खालच्या पायरीचा. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं लेजरवर मान वाकवली आहे त्यांना या जमाखर्चाची वेगळी फोड करून सांगायला नको.

पूटरांचा सगळा ताण या एका पायरीचा आहे. लाल एनॅमल रंगाचे डबे आणून ते एके दिवशी घर रंगवायला काढतात. फुलांच्या कुंड्या रंगवतात, मोलकरणीचं कपाट रंगवतात, कोळशाची बादली रंगवतात, शेक्सपिअरच्या जुन्या पुस्तकांच्या पाठी रंगवतात आणि शेवटी न्हाणीतला टब. दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात बसतात तर पाणी लालभडक. शीर तुटून रक्त वाहतंय या समजुतीने घाबरगुंडी उडते. इथे वाचक हसतो. पण हा रंग का काढला याचा विचार केला तर मला त्यात हसण्यापेक्षा ओळखीचंच काही जास्त दिसतं. घर आपलं नाही, भाड्याचं आहे. त्यावर आपली काहीतरी खूण करावी असं त्यांना वाटतं. खूण करायची ऐपत आहे ती दोन डबे रंगाची.

सर्वांत गाजलेला प्रसंग मॅन्शन हाउसच्या मेजवानीचा. लंडनच्या लॉर्ड मेयरकडून पती-पत्नींना निमंत्रण येतं. दोघं हरखून जातात. तिथे गेल्यावर ओळखीचं कोणीच नाही, आणि जो एकमेव माणूस हाक मारत पाठीवर हात ठेवतो तो निघतो फार्मर्सन, म्हणजे यांच्या दारातली बुटांचा चिखल खरवडायची पट्टी दुरुस्त करायला येणारा लोखंडी सामानाचा दुकानदार. म्हणजे या भव्य निमंत्रणाचा जो काही मान होता तो दुकानदारालाही मिळालेला आहे. त्यात नाचताना नवीन बुटांवरून पाय घसरतो आणि कॅरीसकट पूटर जमिनीवर. पुढे वर्तमानपत्रात पाहुण्यांची यादी येते, तीत यांचं नाव नाही. तक्रारीचं पत्र जातं. दुरुस्ती छापून येते ती चुकीच्या नावाने. पुन्हा पत्र. पुन्हा दुसरंच नाव.

आता यात टिंगल कोणाची? वर्तमानपत्रातल्या यादीची, मेयरच्या मेजवानीची की पूटरांची? पहिल्या वाचनात वाटतं पूटरांची. पण एक लक्षात घ्या. लिहिणारा जॉर्ज स्वतः उमरावांच्या दिवाणखान्यांत पियानो वाजवायला जात असे. पुढे १८९० मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीपुढे बाल्मोरलला त्याने कार्यक्रम केला. असल्या ठिकाणी कलाकाराला सन्मानाने बोलावतात, पण त्याला कुठे बसवायचं हे यजमानांना धड ठरवता येत नाही. १८८८ मध्ये त्याने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या त्यांचं नावच त्याने 'समाजातला विदूषक' अशा अर्थाचं ठेवलं. मोठ्यांच्या घरात उभं कसं राहायचं हा प्रश्न पूटरांना एका रात्रीपुरता पडला, ग्रॉस्मिथला तो आयुष्यभर होता. म्हणून तो पूटरांना हसतो खरा, पण त्यांना हिणवत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या काळी उपनगरातल्या माणसाला हिणवणं हा सुशिक्षित लंडनकरांचा आवडता उद्योग होता. क्रॉसलँड नावाच्या लेखकाने १९०५ मध्ये 'द सबर्बन्स' हे सबंध पुस्तकच या लोकांची हेटाळणी करायला लिहिलं. आज ते पुस्तक संशोधकांशिवाय कोणी उघडत नाही.

पूटरांचे दोन मित्र, कमिंग्ज आणि गोइंग. इंग्रजीत एकाच्या नावात येणं आणि दुसऱ्याच्या नावात जाणं. यावरून पूटरांना एकदा कोटी सुचते आणि तिच्यावर ते स्वतःच इतके हसतात की बास. या माणसाला स्वतःच्या कोट्यांचं फार कौतुक. कोटी सुचली की रोजनिशीत नोंद, कोण किती हसलं याची नोंद आणि रात्री अंथरुणात पुन्हा आठवून हसू आलं याचीही नोंद. असे एक गृहस्थ प्रत्येक ऑफिसात असतातच. आमच्याकडेही होते. नाव सांगत नाही.

आता मुलाविषयी. इथे माझं बँकेतलं डोकं चालू लागतं. मुलाचं नाव विल्यम. तो ओल्डहॅम गावी एका बँकेत नोकरीला असतो. सुटीत घरी येतो आणि सांगतो की माझं नाव यापुढे विल्यम नाही, आईच्या माहेरकडचं लुपिन हे माझं नाव, आणि बँकेची नोकरी सुटली. सुटली म्हणजे त्यांनीच सोडवली. पूटर हवालदिल. स्वतःच्या पेढीत चिकटवावं म्हणून खटपट करतात, तर इकडे लुपिन एका शेअर दलालाकडे लागतो. पुढे एक दिवस असा येतो की पर्कपशेट पूटरांना बोलावून वरिष्ठ कारकून करतात आणि पगारात वर्षाला शंभर पौंडांची वाढ देतात. एकवीस वर्षांच्या चोख नोकरीचं फळ. घरी येऊन ते ही बातमी सांगतात. जेवताना लुपिन सहज म्हणतो, मी पाच पौंड एका रसायनाच्या कंपनीत घातले होते, त्याचे आज दोनशे झाले.

हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. शंभर पौंड एकवीस वर्षांनी, दोनशे पौंड काही आठवड्यांत. १९९२ साली ज्यांच्या घरी शेअरचे फॉर्म भरायची झुंबड होती त्यांना त्या टेबलावरची शांतता कळेल. प्रॉव्हिडंट फंडावर विश्वास ठेवलेला बाप आणि त्याला वेड्यात काढणारा मुलगा आपल्या इमारतीतही होते. अर्थात पुढचं आपल्याला ठाऊक असतं. लुपिनच्या सांगण्यावरून पूटर आणि त्यांचे दोन्ही मित्र त्याच शेअरात पैसे घालतात, दलाल पसार होतो आणि पैसे बुडतात. पण लेखकांची गंमत अशी की लुपिनला ते धडा वगैरे शिकवत नाहीत. तो हात झटकून पुढे चालू लागतो.

बापाच्या रदबदलीने त्याला पर्कपशेटकडे नोकरी लागते. तिथे तो पेढीच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला सांगून टाकतो की, आमच्या शेटजींपेक्षा अमुक दुसरी पेढी बरी. गिऱ्हाईक जातं. नोकरी जाते. आणि ती दुसरी पेढी लुपिनला रोख कमिशन देऊन वर नोकरीही देते, बापाला कधी मिळाली नसती अशा सुरुवातीच्या पगारावर. आमच्या सर्व्हिस रूल्समध्ये याला काय म्हणतात ते सांगायला नको. पूटरांची अवस्था अशी की शेटजींपुढे मान वर करता येत नाही आणि मुलाची भरभराट डोळ्यांसमोर. या प्रकरणात विनोद जवळजवळ नाहीच. १८८० च्या दशकात लंडनच्या सिटीत जुनी शब्दाची किंमत आणि नवी सट्ट्याची चलाखी यांची गाठ कशी पडली हे मला अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा इथे जास्त समजलं.

यानंतर पूटरांच्या हातून पेढीला एक नवं, त्याहून मोठं गिऱ्हाईक मिळतं. ते काही फार हुशारी करत नाहीत. एका अमेरिकन गृहस्थांनी मला भेटा म्हणून पत्र पाठवलं, हे गेले, आणि त्यांनी सांगितलेलं काम इमानाने शेटजींपर्यंत पोहोचवलं, एवढंच. आणि मग पर्कपशेट त्यांना बोलावतात आणि विचारतात की तुम्हाला तुमचं घर आवडतं का. आवडतं म्हटल्यावर सांगतात, मी त्या घराचा फ्रीहोल्ड विकत घेऊन तुम्हाला देतोय.

या शब्दाचं मोल कळण्यासाठी लंडनची पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. तिथली बरीचशी जमीन पिढीजात जमीनदारांची. ते ती बिल्डरला विकत नसत, बहुधा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देत. बिल्डर घरं बांधून ती भाड्याने लावी. मुदत संपली की जमीन आणि तिच्यावरचं घर, दोन्ही मूळ मालकाकडे परत. त्यामुळे बहुसंख्य लोक, अगदी खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गसुद्धा, भाड्यानेच राहत. जमिनीसकट घर आपल्या नावावर होणं ही कारकुनाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट. कन्व्हेयन्स झालेल्या आणि अजून न झालेल्या सोसायट्यांच्या सभासदांना फ्रीहोल्ड आणि लीजहोल्डमधला फरक मी आणखी काय समजावणार! यावर इंग्रज लोकांनी आपल्या परीने एक उपाय काढलेलाच होता, तो बिल्डिंग सोसायट्यांचा. सभासदांनी बचत एकत्र करायची आणि त्यातून घरासाठी कर्ज द्यायचं. त्यांतली वुलविच ही नामांकित सोसायटी १८४७ सालची, म्हणजे जॉर्जच्या जन्मसालाचीच. आपल्याकडे १९१२ च्या सहकार कायद्यानंतर रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदवली गेली, ती मुंबईतल्या अगदी पहिल्या अशा सोसायट्यांपैकी. तीही पगारदार मध्यमवर्गाचीच गरज. पूटरांना मात्र सहकाराची वाट सापडली नाही, त्यांना शेटजींची कृपा लाभावी लागली. एवढी एक गोष्ट मला या पुस्तकात खटकते.

पुस्तक निघालं तेव्हा फारसं कोणी विचारलं नाही. समीक्षकांनी बरं म्हणून सोडून दिलं. जॉर्ज १८८९ मध्येच सॅव्हॉय सोडून पुन्हा एकट्याच्या पियानोकडे वळला होता. ब्रिटनभर आणि अमेरिकेतही दौरे केले, भरपूर पैसा मिळवला. सहाशेच्या आसपास गाणी आणि पियानो-स्केचेस त्याच्या नावावर आहेत. त्यातलं पोल्का नाचाचं एक गाणं त्या काळी घरोघर म्हटलं जायचं. आज ती जवळजवळ सगळी विसरली गेली आहेत. आणि भावाबरोबर फावल्या वेळात लिहिलेली ही रोजनिशी हळूहळू वर येत गेली. १९१० मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा माजी पंतप्रधान लॉर्ड रोझबरी यांच्यासारखे चाहते पुढे आले. घरातल्या प्रत्येक शयनगृहात ही प्रत ठेवलेली असावी असं त्यांचं म्हणणं. हिलेअर बेलॉक यांनी वाखाणणी केली. १९३० मध्ये कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी तर हे जगातलं सर्वांत विनोदी पुस्तक म्हणून लिहिलं. पूटरांच्या नावावरून इंग्रजी शब्दकोशात विशेषण दाखल झालं. 'कोणीही नसलेल्या' माणसाचं नाव शब्दकोशात गेलं, आणि 'मिकाडो' गाजवणाऱ्या नटाचं नाव सांगायला मला हा लेख लिहावा लागतो आहे.

जॉर्ज ग्रॉस्मिथ समुद्रकाठच्या फोकस्टन गावी निवृत्त होऊन राहिला आणि १ मार्च १९१२ रोजी तिथेच वारला. वीडन १९१९ मध्ये गेला. त्याने काढलेली चित्रं अजून पुस्तकाच्या बहुतेक आवृत्त्यांत असतात. ती बघताना घराच्या पुढच्या पायऱ्या जरूर बघा.

पुस्तकाच्या सुरुवातीला पूटर विचारतात की ज्यांची नावंही कधी ऐकली नाहीत अशा लोकांच्या आठवणी छापून येतात, मग मी कोणी नसलो म्हणून माझी रोजनिशी का वाचनीय नसावी? या स्मरणिकेसाठी काही लिहा म्हटल्यावर "आमच्याकडे काय आहे लिहिण्यासारखं" म्हणून नकार देणाऱ्या आमच्या विंगमधल्या तीन सभासदांनी हे वाचावं अशी विनंती आहे. पंचवीस वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर किती वाजता यायचा आणि लिफ्ट पहिल्यांदा कधी चालू झाली हे त्यांनाच ठाऊक आहे.

फ्रीहोल्ड मिळाल्याच्या त्या दिवशी पूटर डोळ्यांतलं पाणी पुसत रोजनिशी लिहितात. संध्याकाळी वाण्याच्या दुकानातून शॅम्पेन आणवतात, भारीतली नव्हे. कमिंग्ज आणि गोइंग येतात, बहुधा बाजूच्याच दाराने. लुपिनचं पत्र येतं, त्याचं लग्न एका श्रीमंत घरात ठरलेलं असतं. भाडं आता कायमचं बंद, तेव्हा रेल्वेच्या आवाजापोटी मिळणारी दोन पौंडांची सूटही अर्थातच बंद झाली असणार. भिंतीचा तडा मात्र आता पूटरांनाच बुजवावा लागेल.